वहिनींच्या फोनची जागा

गोंदियातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं कॉम्प्युटरचं काम केलं. तिथे मला लावलं ते माझ्या वहिनींनी.

माझा मोठा भाऊ त्याच दवाखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा. तो काविळीनं गेला, तेव्हा ट्रस्टनं वहिनींना फोनवर बसवलं. पदरात लहान मुलगी, आणि घरात मी, डिप्लोमा करून रिकामा फिरणारा दीर. एक दिवस त्या ट्रस्टच्या सचिवांच्या केबिनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आत काय बोलल्या ते मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

फोनची खोली जिन्याखाली होती. एक टेबल, त्यावर बटणांचं जुनं बोर्ड, एक खुर्ची. वर पाहिलं की पायऱ्यांची उलटी बाजू दिसायची. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि त्या बोर्डावरचे फोन कमी होत गेले. पण एक काम वहिनींशिवाय चालत नव्हतं. आमची रक्तपेढी गोंदियात, आणि ट्रस्टचा दुसरा छोटा दवाखाना अर्जुनी मोरगावला. तिकडच्या फ्रिजमध्ये थोड्या पिशव्या ठेवलेल्या असत, बाकी इकडे. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण घरोघर. त्यांना रक्त लागतं, आणि लागतं तेव्हा लगेच लागतं. कोणती पिशवी कोणाला द्यायची हे दोन्हीकडे एकाच वेळी ठरलं पाहिजे. नाहीतर एकच पिशवी दोघांच्या नावावर चढायची.

हे ठरवायच्या वहिनी. अर्जुनीच्या सिस्टरचा फोन आला की तो धरून ठेवायचा, दुसऱ्या बटणावर रक्तपेढी घ्यायची.

"एक बॉटल बाजूले काढता का? काढली? थांबा, पक्की नका करू."

मग तिकडे, "सिस्टर, इकडं काढली. तुम्ही पेशंटच्या नावावर लिहून राहिल्या ना? लिहिलं?"

तिकडून हो आलं की पुन्हा इकडे, "करा पक्की."

दोघांपैकी एक जरी गप्प झाला तरी त्या दोन्हीकडचं सोडून द्यायला सांगत. ही पद्धत त्यांना कोणी शिकवलेली नव्हती. काम करता करता बसलेली.

एका उन्हाळ्यात मात्र घोटाळा झाला. अर्जुनीकडच्या एका मुलीला रक्त हवं होतं, कॉलेजात जाणारी मुलगी, सिकलसेलची. तिचा रक्तगट दुर्मिळ. इकडे एकच पिशवी होती. वहिनींनी ती बाजूला काढायला सांगितली, सिस्टरला तसं कळवलं, आणि तेवढ्यात लाइन गेली. बराच वेळ लागली नाही. वहिनींनी नेहमीप्रमाणे इकडचं सोडून दिलं आणि ती पिशवी इथल्याच एका बाळंतिणीला लागली. तिकडे सिस्टरनं अर्धंच ऐकलेलं, गोंदियात पिशवी आहे म्हणून. तिनं मुलीला आणि तिच्या बापाला बल्लारशाहून येणाऱ्या गाडीत बसवून दिलं.

दोघं आले तेव्हा मी रक्तपेढीतच होतो. बाहेरच्या बाकड्यावर ती मुलगी बसली होती, डोळे पिवळे, गुडघे दोन्ही हातांनी दाबून धरलेले. बाप प्रत्येक पांढऱ्या कोटवाल्याला थांबवून विचारत होता. वहिनी फोन सोडून तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. शेवटी रेल्वेतला एक माणूस रक्त द्यायला आला. मुलगी बचावली. पण दवाखान्यात दोन दिवस एकच बोलणं, की फोनवाल्या बाईनं गोंधळ केला. वहिनींची काही चूक नव्हती. लाइन गेल्यावर इकडचं सोडणं त्यांच्या हातात होतं, तिकडचं नव्हतं.

ट्रस्टच्या बैठकीत ठरलं की हे फोनवर चालणार नाही. सचिवांनी मला बोलावलं. ते राइस मिलवाले, बोलणं हिंदीत. "ऐसा सिस्टम लगाओ कि दोनों जगह एक साथ चढ़े, नहीं तो कहीं न चढ़े. हो सकता है?"

मी म्हटलं, "हो सकता है, साहेब."

त्या क्षणी मला फक्त आनंद झाला होता, हे लिहायला हवं.

पावसाळ्यात मशीन आली. दोन सर्व्हर आणि दोघांच्या मध्ये एक डिस्कची पेटी. दोन्ही सर्व्हर मिळून एक क्लस्टर. एक बंद पडला तर दुसऱ्यानं त्याचं काम उचलायचं. नागपूरचा माणूस आला, लोखंडी रॅकमध्ये मशीन बसवून जेवून निघून गेला. बाकीचं माझ्यावर. गोंदियाचा डेटाबेस या क्लस्टरवर, अर्जुनीचा तिथल्या मशीनवर, आणि मध्ये भाड्यानं घेतलेली लाइन. दोन्ही डेटाबेसमध्ये एकच नोंद एकदम पक्की करायची असेल तर मध्ये एक सेवा लागते. तिला ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर म्हणतात. ती बसवणं हेच खरं काम होतं, आणि ते मी आधी कधी केलेलं नव्हतं.

खूप चुकलो. वेळ वाचवायला मी एका सर्व्हरची डिस्क जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरवली होती. त्यामुळे दोघांवरच्या सेवेची ओळखही एकच झाली, आणि त्या एकमेकींशी बोलेनात. दोन जुळ्यांना एकच नाव ठेवल्यावर हाक मारली की कोणी ओ द्यायची, तसं झालं. ती सेवा काढून पुन्हा बसवली तेव्हा जमलं. मग कळलं की सेवेनं स्वतःची नोंद कुठे ठेवायची हेही महत्त्वाचं. ती एकाच सर्व्हरच्या पोटात राहिली तर तो सर्व्हर मेल्यावर दुसऱ्याला काहीच माहीत नसणार, की कोणाला विचारून झालं होतं, कोणी हो म्हटलं होतं. म्हणून ती नोंद मधल्या पेटीत, दोघांना हात पोचेल अशी ठेवली. सेवेला क्लस्टरमध्ये स्वतःचं नाव दिलं, पत्ता दिला. फायरवॉलनं अडवलं, ते सोडवलं. एके दिवशी पहिल्यांदा अर्जुनीची नोंद आणि गोंदियाची नोंद एकदम पक्की झाली. मी खुर्चीवरून उठून त्या एसीच्या खोलीत एकटाच दोन फेऱ्या मारल्या.

घरी जेवताना सांगत सुटलो. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, वहिनी, पुतणी आणि मी. वहिनी भात वाढत होत्या.

"मंग हे मशीन करते काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही करता तेच, वहिनी. इकडे विचारते, तयार आहे का? तिकडे विचारते, तयार आहे का? दोन्हीकडून हो आलं की पक्कं. नाही आलं की दोन्हीकडचं सोडून देते."

"अन् लाइन गेली त?"

"तर ती पिशवी अडवून ठेवते. लाइन आली की स्वतःच पुन्हा विचारते. सोडत नाही अर्ध्यावर."

"चांगलं हाये," त्या म्हणाल्या. मग वाढता वाढता, "मंग फोन कोन करल?"

"फोन करावाच लागणार नाही कोणाला!"

हे मी अभिमानानं म्हटलं. म्हणता म्हणताच माझा घास तोंडात राहिला. वहिनींनी ताटात आणखी भात वाढला, वरण वाढलं, आणि पुतणीला म्हणाल्या, "तू का पाहून राहिली? जेव."

मला हे आधी सुचायला हवं होतं. रोज त्या जिन्यासमोरून जात होतो. रोज त्यांचं ते "करा पक्की" कानावर पडत होतं. मी तेच मशीनमध्ये घालत होतो आणि मला ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम संपेना. म्हणजे संपलं होतं, पोळ्याच्या आधीच संपलं होतं. पण मी चाचण्या काढू लागलो. एकदा लाइन तोडून बघू. एकदा वीज घालवून बघू. अर्जुनीच्या सिस्टरला सांगायचं, आज एक खोटी नोंद करा, उद्या दोन करा. प्रत्येक वेळी बरोबर येत होतं. सचिवांनी हाक मारली की मी म्हणायचो, "साहेब, अभी भरोसा नहीं है, खून का मामला है." ते मान हलवायचे. खून का मामला म्हटलं की सगळेच मान हलवतात.

त्या दिवसांत माझा जीव दोन्हीकडून चोरासारखा झाला होता. जिन्याखालून आवाज आला की वाटायचं, या बाईनं मला इथे आणलं आणि मी हिचीच जागा काढून घेतोय. आणि रक्तपेढीबाहेर कोणी बाकड्यावर बसलेलं दिसलं की वाटायचं, याच्या नातेवाइकाला अर्धवट निरोप गेला तर त्याचं पाप माझ्या डोक्यावर. मशीन आत तयार बसलेली, आणि मी तिला झाकून ठेवलेली. वहिनींना मी काही सांगितलं नव्हतं. त्या रोज डबा भरून देत होत्या.

दसरा जवळ आला. वहिनी दरवर्षी वस्तीतल्या बायांबरोबर दीक्षाभूमीला जात, त्यासाठी सुट्टीचा अर्ज दिला होता. त्या संध्याकाळी सुटताना म्हणाल्या, "आज आटो नोको. पायी जाऊ."

राइस मिलच्या रस्त्यानं आम्ही निघालो. कोंड्याची धूळ उडत होती. बरंच चालून झाल्यावर त्या बोलल्या.

"अर्जुनीच्या सिस्टरचा फोन आला होता."

"काय म्हणत होत्या?"

"म्हणे, मशीन त बरोबर चालून राहिली. रोज पाहतो, रोज जमते. मंग तुमचा दीर चालू काऊन नाई करून राहिला?"

मी चालता चालता एक खडा पायानं उडवला.

"माझ्यासाठी थांबून राहिला का तू?"

"हो."

"कोनं सांगतलं तुले थांबाले? म्या सांगतलं?"

"नाही, वहिनी."

त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्या ट्रकनं हॉर्न दिला तरी हलल्या नाहीत, मीच त्यांना बाजूला घेतलं. "थ्या पोरीले पाहिलं होतं ना तू? गुडघे धरून बसली होती थे? उद्या तशीच दुसरी आली, अन् तू माझ्या खुर्चीसाठी मशीन बंद ठेवून बसला असला, त मी कोन्या तोंडानं बसू तिच्याजवळ? सांग ना!"

"चुकलं माझं."

"उद्या चालू कर."

त्या पुन्हा चालू लागल्या. मी मनात म्हटलं, सुटलो. घराच्या वळणावर त्यांनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू नसतं केलं त नागपूरच्या कोन्या पोरानं केलं असतं. मले समजते थे. पन तूच काऊन, बाबू?"



दसऱ्यानंतर लगेच मशीन सुरू केली. सचिव, डॉक्टर, रक्तपेढीतले सगळे त्या थंड खोलीत दाटीनं उभे. अर्जुनीहून एका खऱ्या रुग्णासाठी पिशवी मागितली गेली, आणि मागणी मध्यावर असताना मी सगळ्यांसमोर एका सर्व्हरची वायर उपटली. कॉम्प्युटरचा पडदा थोडा वेळ गोठला. सचिव म्हणाले, "गया क्या?" मग दुसऱ्या सर्व्हरनं काम उचललं, कोऑर्डिनेटर सेवा त्याच्यावर उभी राहिली, मधल्या पेटीतली आपली नोंद वाचली, आणि अर्जुनी, गोंदिया, दोन्हीकडे पिशवी एकाच नावावर चढली. टाळ्या पडल्या. कोणीतरी पेढे आणले.

पेढे घेऊन मी जिन्याखाली गेलो. वहिनी बोर्डासमोर बसल्या होत्या. सुटायची वेळ होईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. त्यांनी अर्धा पेढा खाल्ला, "गोड हाये," म्हणाल्या, आणि उरलेला पुतणीसाठी कागदात बांधला.

थंडीत त्यांच्या बदलीचा आदेश निघाला. अर्जुनीच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर. मी सचिवांकडे गेलो, म्हटलं, साहेब, इथेच कुठे तरी बघा. ते म्हणाले, "देख भाई, जगह वहीं निकली. नौकरी तो नहीं ले रहे उनकी." पुन्हा एकदा गेलो, तेव्हा त्यांनी वरच पाहिलं नाही. तिसऱ्यांदा मी गेलो नाही. गेलो असतो तर काही झालं असतं का, कोण जाणे. मी गेलो नाही एवढं खरं.

वहिनींचं माहेर अर्जुनीजवळच. रोज गाडीनं जाणं-येणं मुलीला ठेवून जमणार नव्हतं, म्हणून त्या तिकडेच राहायला गेल्या. पुतणीची शाळा वर्षाच्या मधेच सुटली. गोंदियाच्या शाळेत तिला दोन जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या, आणि शाळेच्या धावण्याच्या चमूत तिचं नाव आलेलं होतं. स्टेशनवर ती गाडीत खिडकीशी बसली आणि माझ्याकडे बघितलं नाही. वहिनी खिडकीतून सांगत राहिल्या, शेगडी ठेवून जाते, तुले लागल, तांदूळ डब्यात हायेत, दुधवाल्याले सांगतलं हाये. गाडी हलली. मी दोन खोल्यांत एकटा परत आलो.

मशीन उत्तम चालली. कधी एक सर्व्हर रुसला, कधी लाइन दिवसभर गेली, पण पिशवी दोनदा कोणाच्या नावावर चढली नाही. ट्रस्टच्या वार्षिक कार्यक्रमात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. अर्जुनीचे कर्मचारी बसनं आले होते, त्यांच्यात वहिनी मागच्या रांगेत. सचिव भाषणात म्हणाले की पहले फोन पे भरोसा था, अब सिस्टम पे है. लोक हसले, टाळ्या वाजल्या. वहिनीही टाळ्या वाजवत होत्या, मन लावून वाजवत होत्या. माझ्या खांद्यावरची शाल मला जड झाली. जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी शालीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला. "चांगली हाये. घरी नोको धुवू, रंग जाईल."

पुढे काही वर्षं गेली. माझं लग्न झालं, वहिनींनीच पाहून दिलेली मुलगी. मी सुट्टीच्या दिवशी अर्जुनीला जात असे, पण त्या विषयाचं बोलणं आमच्यात निघत नसे. केसपेपरच्या खिडकीवर वहिनी रुळल्या होत्या. गावोगावचे लोक त्यांना नावानं ओळखत. त्या सुखी नव्हत्या असं म्हणायला मला जागा नव्हती, आणि तरी त्यांच्या दारात पाय ठेवला की माझी मान आपोआप खाली जायची.

एकदा दिवाळीनंतर गेलो होतो. धानाची कापणी चाललेली, सगळीकडे तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा वास. अंगणात वहिनी पोहे निवडत बसल्या होत्या. मी पायरीवर बसलो आणि एकदम बोलून गेलो, "वहिनी, मला माफ करा."

"कायची माफी?"

"त्या मशीनची. तुमच्या जागेची."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "चुकी केली का तू?"

मी विचार केला. "नाही."

"पुन्हा तशी वेळ आली त करशील का?"

"करीन."

"मंग माफी कायची मागून राहिला? अन् मी कायची देऊ?"

"मग हे जे मला वाटतं, वहिनी, त्याचं मी काय करू?"

"थे तुझं तू ठेव," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मले वाटलं थे मी ठेवलं. कोनाले नाई देलं. तुलेबी नाई देलं." आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

तेवढ्यात पुतणी बाहेर आली. तोवर ती मोठी झाली होती, आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची. पोह्यांचं डबडं आईजवळ ठेवून ती मला म्हणाली, "काका, गोंदियाला नर्सिंगला अर्ज केला मी. लागला नंबर तर हॉस्टेल मिळते का तिथं, माहीत आहे?"

"हॉस्टेल कशाला? घर आहे."

तिनं आईकडे पाहिलं. वहिनी पोहे निवडत राहिल्या. संध्याकाळच्या गाडीनं मी परतलो तेव्हाही त्यावर बोलणं झालं नाही.

नंबर लागला. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती एक ट्रंक आणि वहिनींनी आमच्या घरासाठी भरून दिलेलं तांदळाचं पोतं घेऊन गाडीतून उतरली. एकटीच आली होती. मी ट्रंकेला हात घातला.

"राहू द्या काका, मी घेते."

मी दिली नाही. ट्रंक जड होती, पुलावर दोनदा टेकवावी लागली, तरी दिली नाही. ती पोतं डोक्यावर घेऊन माझ्या पुढे चालत होती, भराभर, आणि मधेच वळून विचारत होती, "काका, येता ना?"